खूश आहात का, हे विचारून काय कळणार?

महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, मूल्यांकनाचे वर्ष आले की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. २०१७ साली नॅकने मूल्यांकनाची चौकट बदलली आणि तीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण घातले. वीस वस्तुनिष्ठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि शेवटी सूचना लिहिण्यासाठी एक मोकळा प्रश्न. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे ईमेल पत्ते द्यायचे, नॅकने प्रश्नावली पाठवायची आणि आलेल्या उत्तरांचा भार अंतिम गुणांत धरायचा. तेव्हापासून प्राध्यापकांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, जी मुले वर्गात येत नाहीत त्यांनी आम्हाला गुण द्यायचे, हा कुठला न्याय? हे सर्वेक्षण सरळ बंद करा. दुसरा तट म्हणतो, विद्यार्थ्याचा आवाज ऐकलाच पाहिजे, आणि आमच्या महाविद्यालयाची सरासरी साडेतीनच्या वर आहे म्हणजे सगळे ठीक चालले आहे. २०२४च्या सुरुवातीला नॅकने श्रेणी काढून ‘मान्यता आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणारी पद्धत आणण्याचे जाहीर केले. त्यामुळे विद्यार्थ्यांना काय विचारायचे हा प्रश्न पुन्हा उघडा झाला आहे. तो दोन्ही तटांनी चुकीच्या जागी धरून ठेवला आहे, असे मला वाटते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. विद्यार्थ्यांना विचारलेच पाहिजे, आणि दरवर्षी विचारले पाहिजे. पण तुम्ही खूश आहात का, हे विचारून शिक्षणाबद्दल फारसे काही कळत नाही. तुम्ही या सत्रात काय केले, कुणाशी बोललात, काय लिहिले, किती वेळ अभ्यासाला मिळाला आणि तो का मिळाला नाही, हे विचारावे. त्या उत्तरांवर महाविद्यालयाची श्रेणी टांगू नये. आणि उत्तरे ज्यांनी दिली त्यांच्यापर्यंत ती परत जावीत.

हे काही स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत गेली वीसहून अधिक वर्षे हेच चालू आहे. ही महाविद्यालये आपल्याकडच्या वाचकाला फारशी परिचित नाहीत, कारण इथून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांच्या यादीत ती सहसा नसतात. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे पहिले सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचे जाळे देशभर असावे अशी शिफारस केली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कमी शुल्क आणि सर्वांना खुला प्रवेश हे त्यांचे स्वरूप. विद्यार्थी बहुतेक घरून ये-जा करणारे, बहुसंख्य अर्धवेळ शिकणारे, नोकरी करणारे, काही जण मुलाबाळांचे आईबाप, आणि अनेक जण घरातले महाविद्यालयात गेलेले पहिलेच. हे वर्णन वाचताना डोळ्यांसमोर हार्वर्ड येत नाही. अंबाजोगाई, चोपडा, कणकवली, जत अशा तालुक्याच्या गावातले कला-वाणिज्य महाविद्यालय येते.

या महाविद्यालयांचे यश मोजायचे कसे, हा तिथला जुना प्रश्न होता. प्रवेशपरीक्षेचे गुण पाहावेत तर प्रवेशपरीक्षाच नाही. पदवीधारकांची संख्या पाहावी तर अर्धवेळ शिकणाऱ्याला दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवायला पाच-सहा वर्षे लागतात. मानांकन पाहावे तर ते श्रीमंत विद्यापीठांकडेच जाते. २००१ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कम्युनिटी कॉलेजांसाठी विद्यार्थी सहभागाचे सर्वेक्षण सुरू झाले, ते या अडचणीतून. त्यामागचा विचार साधा होता. विद्यार्थी शिकण्याच्या कामात स्वतः जितका वेळ आणि जितकी शक्ती घालतो, तितके त्याचे शिक्षण होते. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये हा विचार सिद्धान्त म्हणून मांडला होता. मग प्रश्नही तसेच आले. वर्गात प्रश्न विचारलात का? निबंध देण्याआधी त्याचे दोन तरी मसुदे केलेत का? वर्गाबाहेर सहाध्यायांबरोबर बसून काम केलेत का? शिक्षकाशी गुणांबद्दल किंवा अभ्यासाबद्दल बोललात का? वाचन न करता वर्गात किती वेळा आलात? आठवड्यातले किती तास अभ्यासाला, किती पगारी कामाला, किती घरच्यांच्या देखभालीला आणि किती येण्याजाण्यात जातात? आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न हा: नोकरी, घरची जबाबदारी, पैशांची चणचण, अभ्यासाची कच्ची तयारी, यांपैकी कशामुळे तुम्हाला शिक्षण सोडावे लागण्याची शक्यता आहे?

आता नॅकचे प्रश्न आठवून पाहा. अभ्यासक्रमाचा किती टक्के भाग वर्गात पूर्ण झाला? शिक्षकांची तयारी कशी होती? त्यांना विषय समजावून सांगता आला का? किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर वगैरे साधने वापरतात? एकूण अध्ययन-अध्यापनाचा दर्जा उत्तम आहे, हे मान्य आहे का? या वीस प्रश्नांत अपवाद आहेत. तुम्ही केलेल्या स्वाध्यायातल्या कामगिरीवर तुमच्याशी चर्चा झाली का, हा प्रश्न उत्तम आहे आणि तो ठेवलाच पाहिजे. पण बाकी बहुतेक ठिकाणी विद्यार्थी परीक्षकाच्या खुर्चीत बसवलेला आहे. त्याने स्वतः काय केले, हे कुणी विचारतच नाही. खाणावळीतून बाहेर पडणाऱ्याला जेवण कसे होते हे विचारता येते, कारण ते त्याने शिजवलेले नसते. शिक्षण मात्र अर्धे विद्यार्थ्यानेच शिजवायचे असते.

खूश असणे आणि शिकणे या दोन गोष्टी बरोबरच चालत असतील, तर एवढा आग्रह कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण त्या नेहमी बरोबर चालत नाहीत, याचे पुरावे आहेत. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक चिठ्ठी काढल्यासारखे नेमून दिले जातात, त्यामुळे तिथली तुलना स्वच्छ होते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवले की ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली मुलांना त्या वर्षी चांगले गुण मिळाले आणि ज्यांना मुलांनीही भरभरून गुण दिले, त्यांची मुले पुढच्या अभ्यासक्रमांत तुलनेने मागे पडली. २०१९ साली हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत त्याहून बोलका प्रयोग झाला. काही वर्गांत छान व्याख्यान झाले, काहींत मुलांनी गटात बसून स्वतः गणिते सोडवली. चाचणीत स्वतः झगडलेल्या मुलांना जास्त गुण मिळाले. पण ‘आज तुम्ही किती शिकलात’ असे विचारल्यावर त्याच मुलांनी कमी शिकल्याचे सांगितले. झगडावे लागले म्हणून त्यांना आपण मागे पडलो असे वाटले. व्याख्यान सुरळीत गेले म्हणून इतरांना सगळे समजले असे वाटले. चांगल्या शिक्षकाने मुलांना झगडायला लावायचे आणि त्याच महिन्यात त्यांच्याकडून समाधानाचे गुण मागायचे, हे आपण त्याच्याकडून कसे अपेक्षितो?

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. समाधान अपेक्षेवर अवलंबून असते. जिच्या घरात आईने चौथीनंतर शाळा सोडली, जी सकाळी सहाच्या एसटीने पंचवीस किलोमीटर येते, जिला पदवीला पाठवण्यासाठी घरात भांडण झाले, त्या मुलीला महाविद्यालयाबद्दल काय वाटेल? कृतज्ञता वाटेल. तिला वर्गात कधी प्रश्न विचारायची संधी मिळाली नाही, तिचा एकही निबंध कुणी तपासून परत दिला नाही, ग्रंथालयात तिला पुस्तक काउंटरवरून मिळाले, कपाटापर्यंत जाता आले नाही. पण तिने दुसरे महाविद्यालय पाहिलेले नाही. ती मनापासून चार पैकी चार देईल. तिचे ते चार गुण खोटे नाहीत, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहेत. ज्या महाविद्यालयांत सर्वाधिक वंचित विद्यार्थी आहेत, तिथेच समाधानाचे मोजमाप सर्वांत जास्त फसवते. ‘निबंधाचा दुसरा मसुदा केलास का’ हा प्रश्न तिला विचारला, तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि त्या ‘नाही’मधून महाविद्यालयाला काहीतरी करता येईल.

प्रश्न बदलला की सगळी चर्चा बदलते, हे आपण शाळांच्या बाबतीत पाहिलेले आहे. २००५ पर्यंत आपण पटसंख्येवर खूश होतो. किती मुले शाळेत आली, किती खोल्या बांधल्या, किती शिक्षक नेमले, हेच आकडे विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत यायचे. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ने त्या वर्षी ‘असर’ अहवाल सुरू केला आणि एक साधा प्रश्न विचारला: हे मूल दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचू शकते का? देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना तो वाचता येत नव्हता. सुरुवातीला या अहवालावर पुष्कळ टीका झाली, पद्धतीवर शंका घेतल्या गेल्या. पण पायाभूत वाचन आणि अंकज्ञान २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अग्रक्रमाने आले, त्यामागे त्या एका प्रश्नाने घडवलेली पंधरा वर्षांची चर्चा आहे. उच्च शिक्षणात आपण अजून पटसंख्येच्याच पायरीवर आहोत. फरक इतकाच की पटाच्या जोडीला आता समाधानाचा आकडा आला आहे.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो. त्यातले काही खरोखर भक्कम आहेत.

पहिला मुद्दा असा की विद्यार्थ्यांना आठवत नाही आणि ते खरे सांगतील याची खात्री नाही. अमेरिकेतही हा आक्षेप घेतला गेला. स्टीफन पोर्टर या संशोधकाने २०११ मध्ये अशा सर्वेक्षणांच्या विश्वासार्हतेवरच बोट ठेवले. ‘बऱ्याचदा’ म्हणजे नेमके किती वेळा? एकाला तीन वेळा म्हणजे बऱ्याचदा वाटते, दुसऱ्याला दहा वेळा. वर्षभर मागे जाऊन कोण मोजणार? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच ‘बऱ्याचदा’ हा पर्याय आपण ठेवू नये. गेल्या सात दिवसांत किती तास अभ्यास केला, या सत्रात किती लेखी कामे तपासून परत मिळाली, किती शिक्षकांना तुमचे नाव माहीत आहे, असे मोजता येणारे आणि अलीकडचे विचारावे. आणि तेच शिक्षकांनाही विचारावे. अमेरिकेतल्या सर्वेक्षणाला शिक्षकांची जोड-प्रश्नावली आहे. शिक्षक म्हणतात आम्ही प्रत्येकाचे काम तपासून चर्चा केली, आणि विद्यार्थी म्हणतात कुणी केली नाही. तर कोण खरे बोलतो हे ठरवायची घाई नसावी. ती तफावत हीच बातमी आहे.

दुसरा मुद्दा अधिक कठीण आहे. खोटी उत्तरे विद्यार्थ्यांच्या स्वभावामुळे येत नाहीत, ती पणाला लागलेल्या गोष्टीमुळे येतात. सर्वेक्षणाच्या आधी प्रश्नावली ‘कशी भरावी’ याचे मार्गदर्शन होते, हे महाविद्यालयीन वर्तुळात कुणाला नवे नाही. याला आपल्याच लोकांचा अप्रामाणिकपणा म्हणून हात झटकणे चूक आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण होते आणि त्याचे निकाल क्रमवारीत जातात. २००८ मध्ये लंडनच्या एका विद्यापीठात शिक्षक विद्यार्थ्यांना चांगले गुण द्यायला सांगत असल्याचे ध्वनिमुद्रण बाहेर आले. आपले विद्यापीठ तळाला गेले तर तुम्हालाच कुणी नोकरी देणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१७ साली सर्वेक्षण शुल्कवाढीशी जोडले गेले तेव्हा तिथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने त्यावर बहिष्कार पुकारला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसकट अनेक विद्यापीठांत प्रतिसाद इतका घटला की त्यांचे निकाल जाहीरच करता आले नाहीत. मोजमाप हेच बक्षीस झाले की ते मोजमाप राहत नाही, हे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल सांगितले होते. ते शिक्षणाला तंतोतंत लागू आहे. कम्युनिटी कॉलेजांच्या सर्वेक्षणकर्त्यांना हे कळले होते. त्यांनी महाविद्यालयांचे मुख्य निकाल लोकांसमोर ठेवले, पण क्रमवारी लावायला ठाम विरोध केला. आपणही तेच करावे. नॅकने महाविद्यालयाला फक्त एवढे विचारावे: तुम्ही सर्वेक्षण केले का, निकाल विद्यार्थ्यांसमोर मांडले का, आणि त्यातून काय बदलले? आकडा किती आला यावर एकही गुण नको.

तिसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत वजनदार, आणि आश्चर्य म्हणजे आपल्या वादात तो क्वचितच कुणी मांडतो. जो विद्यार्थी येतच नाही त्याला विचारणार कसे? अमेरिकेत हे सर्वेक्षण बरीच वर्षे वर्गात बसवून, कागदावर भरून घेतले गेले, कारण घरून ये-जा करणारा विद्यार्थी हाती लागण्याची जागा वर्ग हीच. आपल्याकडे कला आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग ओस असतात. पटावर एकशे वीस, वर्गात बारा. त्या बारांना विचारून आलेला सहभाग कुणाचा? उरलेले कुठे असतात? कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, कुणी औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर, कुणी दुचाकीवर पार्सल पोहोचवत, कुणी शेतात. बीड जिल्ह्यातली किती तरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. एका सत्राचा शेवट आणि दुसऱ्याचा बराच भाग फडावर जातो. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, तेव्हा करोनानंतर नुकत्याच उघडलेल्या महाविद्यालयांत खेड्यातल्या मुलींना पोहोचताच आले नाही. समाधानाच्या वीस प्रश्नांत यातले काय उमटले असते?

पण हा आक्षेप सर्वेक्षण रद्द करण्याकडे नेत नाही, ते वर्गाबाहेर नेण्याकडे नेतो. ‘असर’ने मुले शाळेत न तपासता घरी जाऊन तपासली ती याच कारणाने; शाळेत गेले असते तर गैरहजर मुले सुटली असती. आपल्याकडे गैरहजर विद्यार्थीही दोन वेळा महाविद्यालयाच्या हाती लागतो: अंतर्गत परीक्षेला आणि परीक्षेचा फॉर्म भरताना. तेव्हा, नाव न घालता, दुसऱ्या महाविद्यालयातल्या माणसांनी, छापील कागदावर उत्तरे घ्यावीत. ईमेलवरच्या दुव्यावर कुणाचे बोट कुठे टेकले हे कुणालाच कळत नाही. आणि ज्यांनी फॉर्मही भरला नाही, त्यांना फोन करावा. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांचे सर्वेक्षण करणाऱ्या टेक्सासच्या केंद्राची नव्याने प्रवेश घेतलेल्यांसाठी वेगळी प्रश्नावली आहे, ती पहिल्या सत्राच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात घेतात, कारण मुले गळतात ती बहुधा सुरुवातीलाच. आपण गळती वर्षअखेरीस मोजतो. तोवर ऊस तोडून झालेला असतो.

चौथा आक्षेप डाव्या विचारांच्या मित्रांकडून येतो, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, सहभाग मोजणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश विद्यार्थ्याच्या आणि शिक्षकाच्या माथी मारणे. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, तासिका तत्त्वावर माणसे घ्यायची, त्यांना सुट्टीचे मानधन नाही, बसायला खोली नाही, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात धावत जायचे, आणि मग विचारायचे की मुले वर्गाबाहेर शिक्षकाशी बोलली का? माझा अनुभव आणि अभ्यास मला उलट निष्कर्षाकडे नेतो. झाकण घालते ते समाधानाचे सर्वेक्षण. तासिकेवरचे तरुण सर पोटतिडकीने शिकवतात, मुलांना ते आवडतात, मुले त्यांना चार पैकी चार देतात. आणि त्या चारांच्या जोरावर पदभरती न करणाऱ्या शासनाला सगळे छान चालल्याचे प्रमाणपत्र मिळते. सहभागाचे सर्वेक्षण मात्र सांगेल की सर उत्तम आहेत, पण तास संपल्यावर त्यांच्याशी बोलायला मिळत नाही आणि त्यांनी निबंध लिहून घेतला नाही. तपासायला त्यांना कुणी पैसे देत नाही, हे मग लपत नाही. अमेरिकेतल्या केंद्राने २०१४ साली अर्धवेळ शिक्षकांवर स्वतंत्र अहवाल काढला, तो याच आकड्यांच्या आधारे. तिथे कम्युनिटी कॉलेजांतले निम्म्याहून अधिक वर्ग अर्धवेळ शिक्षक घेतात. दोष शिक्षकांचा नसून त्यांना संस्थेने दिलेल्या वागणुकीचा आहे, हा त्याचा सूर होता. प्राध्यापकपदासाठीच्या सेट-नेट पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या बेरोजगारांच्या आंदोलनाला असा पुरावा हाती आला तर तो घोषणेपेक्षा जड पडेल.

हे सगळे अमेरिकेचे झाले, आपला संदर्भ वेगळा आहे, असेही म्हटले जाईल. तो मुद्दा मी अर्धा मान्य करतो. तिथला शिक्षक स्वतःच्या वर्गाची परीक्षा स्वतः घेतो. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका विद्यापीठ ठरवते. परीक्षेच्या आधी तीन आठवडे गाईड वाचून उत्तीर्ण होता येत असेल, तर वर्षभर न येणारा विद्यार्थी आळशी ठरत नाही. तो व्यवहार नीट ओळखतो. म्हणून परकी प्रश्नावली जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. आपल्या प्रश्नावलीत गाईड, महाडीबीटीवर अडकलेली शिष्यवृत्ती, एसटीची वेळ, स्पर्धा परीक्षा, शेतीचा हंगाम हे सगळे आले पाहिजे. संदर्भग्रंथ उघडलात का, की गाईडवर भागले? भागले असेल तर तो निकाल महाविद्यालयाच्या नव्हे, विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाच्या टेबलावर जायला हवा.

आणि अशी चौकशी आपल्याला परकी आहे, असे कोण म्हणते? १८८२ साली हंटर शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात आला तेव्हा त्याच्यापुढे शाळांचे आणि विद्यार्थ्यांचे आकडे होतेच. जोतीराव फुल्यांनी आयोगाला जे निवेदन दिले, त्याने चर्चा त्या आकड्यांपलीकडे नेली. शेतकऱ्याच्या पैशांवर चाललेल्या शाळांचा लाभ कुणाला होतो, वरच्यांना शिकवले की ते खाली झिरपते हे खरे आहे का, शेतकऱ्याच्या मुलाच्या उपयोगाचे तिथे काय शिकवले जाते, हे त्यांनी विचारले, आणि मोडी, बाळबोध, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान अशी नेमकी मागणी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजनाही याच जाणिवेतून आली: शिकणाऱ्याचे श्रमाचे तास आणि अभ्यासाचे तास एकाच दिवसातून काढायचे आहेत, हे त्यांनी गृहीत धरले. आजची महाविद्यालये विद्यार्थ्याच्या दिवसाचा हिशेबच मागत नाहीत.

उत्तरे मिळाली तरी करणार काय, ही शंका उरते. करता येते. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. तो कुठल्या सर्वेक्षणातून जन्मला असे मी म्हणत नाही; पण विद्यार्थ्याला अडवणाऱ्या गोष्टी नेमक्या ओळखून त्याची आखणी झाली होती. पूर्णवेळ नावनोंदणीची अट, ठरावीक अंतराने सल्लागाराला भेटणे सक्तीचे, शुल्कातली उरलेली फट भरून देणे, पुस्तकांना मदत, आणि प्रवासाचा पास मोफत. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेल्या काटेकोर पाहणीत तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण बावीस टक्क्यांवरून चाळीसवर गेले. त्यातली भेटीची सक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. कम्युनिटी कॉलेजांच्या सर्वेक्षणाच्या पहिल्या संचालक के मॅक्लेनी यांचे एक निरीक्षण तिथे सर्वतोमुखी झाले आहे: ऐच्छिक ठेवलेली गोष्ट विद्यार्थी करत नाहीत. वर्षानुवर्षांच्या उत्तरांत दिसले की सल्लामसलत महत्त्वाची आहे असे बहुतेक विद्यार्थी सांगतात, पण तिचा लाभ घेणारे थोडेच. ज्याला पाचच्या एसटीने परतायचे आहे, तो ‘केव्हाही या’ म्हणणाऱ्या शिक्षकाकडे कधीच जात नाही. म्हणून ती भेट तासिकेतच बसवावी लागते.

समाधान अजिबात विचारू नये, असेही माझे म्हणणे नाही. मुलींचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, अंतर्गत गुण देताना पक्षपात होतो का, तक्रार केली तर त्रास होईल अशी भीती वाटते का, या गोष्टी शिकण्याशी थेट जोडल्या नसल्या तरी माणूस म्हणून विद्यार्थ्याच्या हक्काच्या आहेत. असे चार-पाच प्रश्न ठेवावेत, त्यांची उत्तरे वेगळी पाहावीत, आणि त्यांना शिक्षणाचा दर्जा म्हणू नये.

यासाठी नॅकच्या नव्या चौकटीची किंवा मंत्रालयातल्या शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयात आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, आहे, सांख्यिकी शिकवणारे कुणीतरी आहे, शेजारच्या तालुक्यात दुसरे महाविद्यालय आहे जे अदलाबदलीने माणसे पाठवू शकते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत आणि तिथला विद्यार्थी तर नोकरी-संसार सांभाळूनच शिकतो. खरे तर सुरुवात तिथून व्हावी. पंधरा प्रश्न, एक पानभर कागद, येत्या सत्राची अंतर्गत परीक्षा. पहिल्या वर्षीचे आकडे वाईट येतील. निम्म्या विद्यार्थ्यांनी एकही लेखी काम तपासून परत मिळाले नाही असे सांगितले, तर ते झाकून ठेवण्याची इच्छा प्राचार्यांना होईल, संस्थाचालकांना तर नक्कीच होईल. ते आकडे आहेत तसे महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावावेत, आणि शेजारी पुढच्या सत्रात त्यातल्या कोणत्या एका गोष्टीवर कोण, काय करणार आहे हे नावानिशी लिहावे.